ओढ्यांनाही पूररेषा हवी

जगभरातल्या नद्यांची पूरमैदाने दाखवणारा एक नकाशा २०१९ साली प्रसिद्ध झाला. इटलीतले जलशास्त्रज्ञ फेर्नांदो नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. ‘जीएफप्लेन’ या नावाने ओळखला जाणारा हा नकाशा कुणालाही विनामूल्य उतरवून घेता येतो. त्यात नाईल आहे, मिसिसिपी आहे, गंगा-ब्रह्मपुत्रेचे अफाट खोरे आहे. परभणी जिल्ह्यातून वाहणाऱ्या गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्याही त्याच्या हिशेबात बसतात. जिंतूर तालुक्यातले चारठाणा मात्र बसत नाही. उत्तरेला पूर्णा आणि दक्षिणेला दुधना अशा दोन खोऱ्यांच्या मधले हे गाव. इथल्या शिवारातून वाहते ते ओढ्या-नाल्यांचे पाणी, आणि ज्या प्रवाहाच्या मागे किमान एक हजार चौरस किलोमीटरचा पाणलोट नाही, तो या नकाशाने मोजणीतच धरलेला नाही. त्यामुळे गावाभोवतीची जागा कोरी राहते. ही कोरी जागा म्हणजे पुरापासून सुरक्षित जागा, असा अर्थ लावला गेला तर तो लोकांच्या जिवावर बेतेल. नकाशे सरकारी कामकाजात जसे वापरले जातात ते पाहता तो अर्थ लावला जाण्याची शक्यता खरोखरच मोठी आहे.

विषय तातडीचा आहे. १ आणि २ सप्टेंबर २०२४ रोजी परभणी, हिंगोली आणि नांदेड जिल्ह्यांत पावसाने हाहाकार केला. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक जिल्ह्याने पूर पाहिला, आणि महिनाअखेरीस जायकवाडीतून गोदावरीत सोडलेले पाणी तीन लाख क्युसेकच्या आसपास पोहोचले. दोन्ही वेळी बातम्यांमध्ये धरणांचे दरवाजे होते, गोदाकाठची गावे होती, पाण्याखाली गेलेले पूल होते. ते स्वाभाविकच आहे. पण मोठ्या नदीपासून दहा-पंधरा किलोमीटर आत असलेल्या शिवारांतही उभे सोयाबीन सडले, बांध फुटले, विहिरी गाळाने बुजल्या आणि वरची सुपीक माती खरडून गेली. तिथे कोणत्याही धरणाचे पाणी आले नव्हते. एरवी आठ महिने कोरडा पडणारा ओढा काही तासांत पात्राबाहेर गेला होता. या पुराला नाव नाही, त्याची पातळी मोजणारे केंद्र नाही आणि त्याची रेषा कोणत्याही आराखड्यावर नाही.

पूरमैदान म्हणजे नदीने स्वतः घडवलेली जमीन. पूर आला की नदी काठ ओलांडते, वेग मंदावतो, गाळ खाली बसतो, आणि हजारो वर्षे हे घडत राहिले की पात्राच्या दोन्ही अंगांना एक सपाट पट्टा तयार होतो. नदीकाठची मळई हे त्याचे आपल्या ओळखीचे रूप. गोदाकाठच्या गंगथडीची जमीन कसदार आहे ती याच कारणाने. पुराची खूण जमिनीच्या आकारातच उतरलेली असेल, तर जमिनीची उंची बारकाईने मोजून ती वाचता आली पाहिजे, हा या सगळ्या खटाटोपामागचा विचार आहे. पावसाच्या नोंदी नसल्या, नदीवर मोजमापाचे केंद्र नसले, तरी उताराचा हिशेब करता येतो. आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या ज्या नद्यांवर कधीच कुणी मोजपट्टी रोवली नाही, त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

उंचीची ही मोजणी एका अवकाशफेरीतून आली. ११ फेब्रुवारी २००० रोजी ‘एंडेव्हर’ हे यान अमेरिकेतून झेपावले. त्यात एक रडार अँटेना यानाच्या पोटात आणि दुसरा साठ मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला होता. दोन्हींवर परतून आलेल्या लहरींतल्या सूक्ष्म फरकावरून खालच्या जमिनीची उंची काढली गेली. सुमारे अकरा दिवसांत साठ अंश उत्तर ते छप्पन्न अंश दक्षिण या पट्ट्यातली, म्हणजे पृथ्वीवरची जवळपास ८० टक्के जमीन मोजून झाली. याच्या आधी आपल्याकडे उंची कळायची ती सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांवरच्या समोच्च रेषांवरून. त्या रेषांमागे पिढ्यान् पिढ्यांचे श्रम आहेत. भारताच्या महासर्वेक्षणाचा पाया घालणारे विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला, काम चालू असतानाच वारले, त्यांची कबर तिथेच आहे. पण लागून असलेल्या दोन समोच्च रेषांमध्ये दहा किंवा वीस मीटर उंचीचे अंतर असते. त्या दोन रेषांच्या मध्ये एखादे गाव ओढ्यासकट लपून जाते.

रडारच्या मोजणीतून जगाची जमीन चौकटींमध्ये विभागली गेली आणि प्रत्येक चौकटीला उंचीचा एक आकडा मिळाला. सर्वांत बारीक चौकट सुमारे तीस मीटरची, म्हणजे जेमतेम नऊ गुंठ्यांची. आता संगणकाला एकच प्रश्न विचारायचा: या चौकटीत पडलेले पाणी भोवतीच्या आठ चौकटींपैकी कोणत्या चौकटीत उतरेल? सर्वांत तीव्र उतार जिकडे, तिकडे. हे प्रत्येक चौकटीसाठी केले की कोणत्या चौकटीतून किती चौकटींचे पाणी वाहते हे मोजता येते. जिथे हा आकडा वाढत जातो तिथे ओढा, पुढे नाला, पुढे नदी. पात्र सापडले की दुसरी पायरी. पात्राभोवतीची प्रत्येक चौकट, तिचे पाणी ज्या ठिकाणी पात्राला मिळते त्या ठिकाणापेक्षा किती उंच आहे हे पाहायचे. ब्राझीलमधल्या संशोधकांनी ‘जवळच्या प्रवाहापासूनची उंची’ हे माप रूढ केले ते याच कामासाठी.

उरतो तो प्रश्न पाणी किती चढेल याचा. लूना लिओपोल्ड आणि थॉमस मॅडॉक या अमेरिकी अभ्यासकांनी १९५३ मध्ये दाखवून दिले की नदीची रुंदी, खोली आणि वेग प्रवाहाबरोबर मनमानी पद्धतीने वाढत नाहीत. त्यांच्यात घातांकाचे नियमित नाते असते. हेच नाते पाणलोटाच्या क्षेत्रफळाशी जोडले की पुराच्या पाण्याची अंदाजी उंची मिळते. घातांक ०.३ च्या आसपास धरला तर पाणलोट दहापट झाल्यावर पाण्याची उंची साधारण दुप्पट होते. येलदरी धरणापाशी पूर्णेच्या मागे हजारो चौरस किलोमीटरचा पाणलोट आहे, त्यामुळे तिथे उंचीची मर्यादा मोठी धरली जाते. पुढे दुधना येऊन मिळते आणि शेवटी पूर्णा गोदावरीला मिळते, तशी ती आणखी वाढते. या मर्यादेच्या खाली येणाऱ्या सगळ्या चौकटी म्हणजे पूरमैदान. पावसाचा एक आकडाही न वापरता हे झाले.

या साधेपणाचे मोल कमी लेखू नये. एकाच पद्धतीने सगळे जग मोजले गेल्यामुळे, माणसाने पूरमैदानांचे काय केले हे प्रथमच एका मापात पाहता आले. याच नकाशाच्या आधाराने २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९९२ ते २०१९ या काळातला बदल मोजला गेला. त्या सत्तावीस वर्षांत जगातल्या सुमारे सहा लाख चौरस किलोमीटर पूरमैदानांवरचे नैसर्गिक आवरण जाऊन तिथे शेती किंवा वस्ती आली. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट आहे.

तरीही हा नकाशा जिंतूरच्या तहसील कार्यालयात टांगण्यापूर्वी त्याला काय दिसत नाही ते नीट समजून घ्यायला हवे. पहिली अडचण चौकटीच्या आकाराची. जागतिक नकाशाची चौकट अडीचशे मीटरची आहे. तिचे क्षेत्र भरते सव्वासहा हेक्टर, म्हणजे सुमारे साडेपंधरा एकर. आपल्याकडच्या तीन-चार शेतकऱ्यांची मिळून सगळी जमीन एका चौकटीत मावते आणि त्या सगळ्या जमिनीला मिळून उंचीचा एकच आकडा असतो. त्यातला एखादा वाफा लवणात आणि दुसरा टेकाडावर असला तरी नकाशाच्या लेखी दोन्ही सारखेच.

दुसरी अडचण उंचीच्याच खरेपणाची. रडारची लहर दाट पिकाच्या शेंड्यावरून किंवा झाडाच्या छत्रावरूनही परतते. मोजणी फेब्रुवारीत झाली, तेव्हा नदीकाठच्या बागायती पट्ट्यात ऊस उभा असतो आणि काठावर बाभळीचे रान असते. अशा ठिकाणी जमीन आहे त्यापेक्षा उंच नोंदली जाते, आणि नेमका नदीकाठच सुरक्षित भासू लागतो. शिवाय त्या मोजणीत उंची पूर्ण मीटरमध्ये दिलेली आहे आणि चूक काही मीटरची असू शकते. डोंगरी मुलखात याने फारसे बिघडत नाही. गोदावरीच्या सपाट काठावर मात्र दीड-दोन मीटरच्या फरकाने अख्खी वस्ती आत की बाहेर हे ठरते. जपानच्या दाई यामाझाकी यांनी अशा चुका दुरुस्त करून २०१७ मध्ये उंचीचा सुधारलेला नमुना दिला. युरोपने आणखी नव्या रडारमोजणीवरून तीस मीटरचा नमुना खुला केला. आपल्या इस्रोच्या कार्टोसॅट-१ या मे २००५ मध्ये सोडलेल्या उपग्रहाच्या जोडचित्रांवरून भारताचा स्वतःचा उंचीनमुनाही तयार आहे. म्हणजे सुधारणेला वाट मोकळी आहे.

तिसरी अडचण धरणांची. येलदरीच्या जलाशयावरून रडार गेले तेव्हा त्याला पाण्याचा सपाट पृष्ठभाग दिसला, त्याखाली बुडालेले पूर्णेचे जुने पात्र दिसले नाही. दरवाजे कधी उघडतील, वरच्या बाजूला बुलडाणा जिल्ह्यातल्या खडकपूर्णा प्रकल्पातून किती पाणी येईल, सिद्धेश्वर धरणातून पुढे किती सुटेल, यांतले काहीही जमिनीच्या आकारात लिहिलेले नाही. नदीच्या मूळ स्वभावावर आता माणसाने चालवायच्या दरवाजांचा थर चढला आहे. जमिनीवरून काढलेले पूरमैदान धरणाच्या खालच्या गावांसाठी अर्धेच उत्तर देते. उरलेले अर्धे जलसंपदा विभागाच्या विसर्गाच्या वेळापत्रकात असते.

चौथी अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती दख्खनच्या भूगोलाची आहे. पूर्णा या नावाच्या दोन नद्या महाराष्ट्रात आहेत. एक अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत तापीला मिळते. तिचे खोरे शेकडो मीटर जाडीच्या गाळाने भरलेले आहे. विदर्भातला खारपाणपट्टा तिथलाच. दुसरी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून छत्रपती संभाजीनगर, जालना, बुलडाणा, परभणी, हिंगोली असा प्रवास करत गोदावरीला मिळणारी, आपली. ही काळ्या बेसॉल्टवरून वाहते आणि तिचा गाळाचा पट्टा तुलनेने अरुंद आहे. पुण्याच्या विश्वास काळे आणि शरद राजगुरू यांच्यासारख्या भूरूपशास्त्रज्ञांनी दख्खनच्या नद्यांचा हा स्वभाव वर्षानुवर्षे अभ्यासला. या नद्या आपल्याच जुन्या गाळात आणि खडकात खोल उतरलेल्या आहेत. काठ उंच आहेत, आणि मोठे पूरही बहुतेक वेळा पात्रातच मावतात. काठावरची सपाट दिसणारी जमीन कधी हजारो वर्षांपूर्वीच्या नदीने सोडलेली असते. आजचा पूर तिथवर चढतही नाही. गंगेच्या मैदानासाठी शोभणारे सूत्र इथे लावले तर काही ठिकाणी पुराचा पट्टा आहे त्यापेक्षा रुंद दिसेल. उलट ज्या अरुंद दरीत पाणी एकदम आठ-दहा मीटर चढते, तिथे तो कमी दिसेल. आणि जिथे नदीच नाही, फक्त ओढा आहे, तिथे सूत्र तोंडच उघडणार नाही.

चारठाण्याची गोष्ट इथे येते. या गावात यादवकाळाच्या आसपासची मानली जाणारी हेमाडपंती मंदिरे आहेत: गोकुळेश्वराचे, उकंडेश्वराचे; शिवाय एक उंच कोरीव दगडी स्तंभ, आणि पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी पुष्करणी. इतक्या शतकांत या दगडांनी किती पूर पाहिले असतील याची लेखी नोंद नाही, पण त्यांच्या जोत्यांची उंची आजही मोजता येते. जुनी गावे वसवताना आपल्याकडे पांढरी आणि काळी यांचा भेद काटेकोर पाळला जाई. घरे पांढरीवर, उंचवट्यावर, पेरणी काळीत. ओढ्यालगतच्या चिबड जमिनीत कुणी घर बांधत नसे. याहूनही मागे जायचे तर घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा बांध आणि पाट सापडला. नदीच्या चढत्या पाण्याशी कसे वागायचे याचा विचार तेव्हापासून या भूमीत झालेला आहे.

पांढरी-काळीचा हा भेद गेल्या तीस-चाळीस वर्षांत पुसला गेला. गावठाण भरले, लोकसंख्या वाढली, आणि नवी घरे रस्त्याच्या कडेने सरकत ओढ्याकडे उतरली. प्लॉट पाडताना ओढ्याचे पात्र सरळ केले गेले. जेसीबीने बांध हलवून एका बाजूची दोन-चार गुंठे जमीन वाढवली गेली, आणि तेवढेच पाणी दुसऱ्या बाजूच्या शेतात घुसले. रस्ता उंच झाला, पण त्याखालच्या नळ्या जुन्याच राहिल्या, त्यामुळे भराव बंधाऱ्यासारखा पाणी अडवू लागला. हे कोणत्याही एका गावाचे वर्णन नाही. मराठवाड्यात कुठेही ते लागू पडेल. रडारची मोजणी २००० सालची आहे, म्हणजे त्यानंतर पडलेला एकही भराव त्यात नाही. परभणी जिल्ह्यातून जाणारा जालना–नांदेड द्रुतगती मार्ग आखला गेला आहे. तो ज्या ज्या ओढ्याला ओलांडेल तिथे तिथे पाण्याची वाट बदलू शकते. मोरीची रुंदी ठरवणाऱ्या अभियंत्याकडे त्या ओढ्याचा पूरपट्टा दाखवणारा कागद असायला हवा.

कायदा आणि नियम काय म्हणतात? केंद्राने १९७५ मध्ये पूरमैदानांच्या नियमनाचे नमुना विधेयक राज्यांना पाठवले. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्याच राज्यांनी त्यावर कायदा केला. महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला नाही. आपल्याकडे आधार आहे तो तेव्हाच्या पाटबंधारे विभागाच्या १९८९ च्या परिपत्रकाचा. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात नियंत्रण. तरतूद चांगली आहे. पण ही रेषा आखायची तर नदीचे आडवे छेद मोजावे लागतात आणि जुन्या पुरांच्या नोंदी लागतात. त्याला खर्च येतो आणि वेळ लागतो. म्हणून रेषा आखली जाते ती शहरांपाशी आणि मोठ्या नद्यांवर. तिथेही बिल्डरांच्या दबावाखाली ती हलवण्याच्या मागण्या होतात, हे पुणे, सांगली, कोल्हापूरच्या वाचकांना सांगायला नको. चारठाण्यासारख्या गावाच्या ओढ्यापर्यंत ती पोहोचतच नाही.

आणखी एक अडसर मनातला आहे. मराठवाडा म्हणजे दुष्काळ, हे समीकरण इतके पक्के बसले आहे की २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी पोहोचवण्याची आठवण आजही पुराच्या बातमीपेक्षा अधिक ताजी वाटते. ती आठवण खरी आहे, ते दुःखही खरे आहे. पण याच दुष्काळापायी आपण उंचीचे नकाशे वापरायला शिकलो. जलयुक्त शिवारात समतल चर कुठे खणायचे, सिमेंट बंधारा कुठे घालायचा, हे उतार पाहूनच ठरले. राज्याच्या ‘पोकरा’ या शेतीप्रकल्पात गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्यासाठी आयआयटी मुंबईने पद्धत बसवून दिली. भूजल सर्वेक्षण यंत्रणेने सगळे राज्य पाणलोटांत विभागून ठेवले आहे. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे उपग्रहचित्रे आहेत आणि ती वाचणारी माणसेही आहेत. पाणी कुठे अडवता येईल हे ज्या नकाशाने सांगितले, तोच नकाशा पाणी कुठे साचेल हेही सांगतो. प्रश्न विचारायचा राहून गेला आहे एवढेच.

नुकसानभरपाईतही हीच उणीव दिसते. चारठाणा हे महसूल मंडळ आहे. मंडळातल्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात. पण ओढ्याचा पूर मंडळाच्या हद्दी पाळत नाही. वरच्या अंगाला शेजारच्या मंडळात किंवा शेजारच्या जिल्ह्यात ढग फुटला, तर खालच्या लवणातली शेते बुडतात, आणि तिथल्या पर्जन्यमापकात पन्नास मिलिमीटर पडलेला असू शकतो. मग शेतकऱ्याला पाऊस किती पडला यावर वाद घालत बसावे लागते, पाणी कुठून आले हे सांगायला त्याच्या हाती काहीच नसते. ओढ्याचा पाणलोट आणि त्याच्या पूरपट्ट्यातले गट क्रमांक आधीच कागदावर आले, तर हा वाद बराचसा मिटेल.

ते आणायचे कसे? यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही, हे ठामपणे सांगायला हवे. स्वामित्व योजनेत गावोगावच्या गावठाणांवर ड्रोन फिरले आणि मालमत्ता पत्रके वाटली गेली. ड्रोनच्या एकमेकांवर चढणाऱ्या चित्रांतून सपाट, मापाची प्रतिमा तयार करताना उंचीचा नमुना लागतोच. गावठाणाच्या बारीक चढउताराची माहिती देणारी ही सामग्री सर्वेक्षण खात्याच्या हाती आली ती घराच्या हद्दीसाठी; तिच्यातून ओढ्याच्या काठची जोती किती उंचीवर आहेत तेही काढता येईल. गावठाणाबाहेरच्या शिवारासाठी इस्रोचा किंवा युरोपचा तीस मीटरचा नमुना आहे. पाणलोटाची हजार चौरस किलोमीटरची अट पाच-दहा चौरस किलोमीटरवर आणली की चारठाण्याचे ओढे आपोआप नकाशावर येतात. परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. कृषी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून देता येईल, आणि त्याचा त्यांना उपयोगही होईल.

मात्र संगणकाने काढलेला हा पट्टा कच्चा असेल आणि तो कच्चाच म्हणून गावापुढे ठेवावा. लहान ओढ्यांसाठी जागतिक सूत्रातला उंचीचा अंदाज जसाच्या तसा चालणार नाही. छोट्या पाणलोटात पाणी काही तासांत येते आणि ओसरते. पावसाची तीव्रता, काळ्या मातीला पडलेल्या भेगा, वरचा पाझर तलाव भरलेला होता की रिकामा, यांवर सगळे ठरते. तो अंदाज दुरुस्त करायचा तर पुराच्या खऱ्या खुणा हव्यात, आणि त्या गावातच आहेत. २०२४ ला पाणी कोणत्या पायरीला लागले, २०२५ ला कोणत्या गोठ्यात शिरले, आजोबांच्या वेळी कोणते आंब्याचे झाड बुडाले होते, हे सांगणारी माणसे प्रत्येक गावात सापडतात. अशा प्रत्येक जागेवर उभे राहून मोबाइलवर स्थान नोंदवले आणि पाण्याची खूण दाखवणारा फोटो जोडला की तो नकाशा दुरुस्त करणारा पुरावा झाला. अशा पंधरा-वीस खुणा मिळाल्या तरी सूत्रातली उंचीची मर्यादा त्या ओढ्यापुरती बसवून घेता येते. ही खूण सांगणाऱ्यांत ओढ्याकाठच्या वस्त्यांतल्या बायांना आवर्जून बोलवायला हवे. पाणी घरात शिरले तेव्हा पुरुष अनेकदा शेताकडे जनावरे सोडवायला धावलेले असतात. चुलीपर्यंत पाणी कधी आले आणि किती वेळ राहिले हे घरात असलेल्या बाईला नेमके ठाऊक असते.

या नकाशाला कायद्याची निळी-लाल रेषा लगेच मानू नये. तसे केले तर उद्या कुणाचा घरकुलाचा हप्ता अडेल, आणि गरीबच त्यात भरडले जातील, कारण ओढ्याकाठची स्वस्त जागा त्यांच्याच वाट्याला आलेली असते. आधी तो नवे घरकुल, नवी अंगणवाडी, नवे उपकेंद्र, नवा रस्ता कुठे करायचा हे ठरवताना वापरावा. जे आधीच पट्ट्यात राहतात त्यांना पर्यायी जागा गावठाण विस्तारात मिळाली पाहिजे, नोटीस नव्हे. हा क्रम उलटा झाला की लोक नकाशाकडे शत्रू म्हणून पाहतात, आणि मग खुणा सांगायला कुणी पुढे येत नाही.

१ मेची ग्रामसभा पावसाळ्यापूर्वीची असते. चारठाणा मंडळातल्या गावांनी त्या सभेत आपापल्या ओढ्याचा कच्चा पट्टा भिंतीवर लावावा, लोकांकडून त्यावर खुणा करून घ्याव्यात आणि ठरावासह तो तहसीलदारांकडे पाठवावा. जिंतूरला अशा नकाशांची फाईल जूनपूर्वी उघडली गेली, तर येत्या पंचनाम्याला तलाठ्याच्या हातात पर्जन्यमापकाच्या आकड्याशेजारी ओढ्याच्या पाण्याची उंचीही असेल.